पाच नमुने, एक चाचणी: विषाणू प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी पूल टेस्टिंग

डीएमएलटी किंवा मायक्रोबायोलॉजी संपवून नागपूरच्या मेयो, मेडिकल, एम्स किंवा एखाद्या खासगी लॅबच्या मॉलिक्युलर विभागात रुजू झालात की पूल टेस्टिंगबद्दल पहिल्यांदा कानावर पडतं ते पिपेटचं गणित. इतके मायक्रोलीटर घ्या, एकत्र करा, रन लावा. तेवढं हाताला लवकर येतं. पण कोणते नमुने एकत्र करायचे, कोणते अजिबात करायचे नाहीत आणि पूल पॉझिटिव्ह आल्यावर पुढच्या काही तासांत काय करायचं, यावर एखादा बाधित माणूस सापडतो की हातून निसटतो हे ठरतं. मी या लेखात त्याच भागावर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी हिशोब समजून घ्या

१९४३ साली रॉबर्ट डॉर्फमन यांनी अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यांच्या सिफिलिस तपासणीसाठी ही पद्धत मांडली. बरेच रक्तनमुने थोडेथोडे घेऊन एकत्र तपासायचे. मिश्रण निगेटिव्ह आलं तर सगळे निगेटिव्ह, पॉझिटिव्ह आलं तर त्यातला प्रत्येक नमुना वेगळा तपासायचा. आजही बहुतेक ठिकाणी हीच दोन टप्प्यांची रीत वापरतात. रक्तपेढ्यांमध्ये एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची नॅट चाचणी (विषाणूचं डीएनए-आरएनए शोधणारी) पूल करून करण्याची पद्धतही याच विचारातून आली.

समजा वर्धा रोडवरच्या एका वसतिगृहातून २०० मुलांचे नमुने आले आणि बाधितांचं प्रमाण साधारण १ टक्का आहे, म्हणजे दोघं. पाच-पाचचे ४० पूल होतील. दोघं वेगवेगळ्या पूलमध्ये पडले तर पहिल्या फेरीत ४० आणि दुसऱ्या फेरीत १०, अशा ५० चाचण्यांत काम होतं. दीडशे किट वाचले. आता प्रमाण १० टक्के धरा. ४० पैकी १६-१७ पूल पॉझिटिव्ह निघतील आणि एकूण चाचण्या १२० च्या पुढे जातील. २० टक्क्यांना १७५ लागतील आणि ३० टक्क्यांना तर २०० पेक्षाही जास्त. शिवाय दुसऱ्या फेरीचा वेळ गेला तो वेगळाच. संसर्ग विरळ असतानाच पूलिंग कामाचं आहे. लाट वर चढलेली असताना किट कमी आहेत म्हणून पूल लावण्याचा मोह होतो, आणि नेमकं तेव्हाच त्याने काही वाचत नाही.

पूल लावायचा की नाही

करोनासाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एप्रिल २०२० मध्ये जी सूचना काढली ती पाठ असू द्या, कारण दुसऱ्या विषाणूसाठी पद्धत बसवतानाही विचार तसाच करावा लागतो. ज्या भागात पॉझिटिव्हिटी २ टक्क्यांच्या खाली आहे तिथे पूल करा. २ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर फक्त लक्षणं नसलेल्या लोकांच्या सर्वेक्षणासाठी करा. ५ टक्क्यांच्या वर करूच नका. पाचाहून जास्त नमुने एकत्र करू नका, संशोधनाचा भाग सोडून. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने पाच नमुन्यांचा पूल तपासून दाखवला होता, त्यावर ही सूचना आधारलेली होती.

आता तुमच्या भागाची पॉझिटिव्हिटी कुठून काढायची? संपूर्ण शहराचा आकडा घेऊन चालत नाही. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा हे हॉटस्पॉट होते, त्याच वेळी शहराच्या इतर भागांत तुरळक रुग्ण होते. दोन्हींची सरासरी काढून एकच नियम लावला असता तर हॉटस्पॉटमधले जवळजवळ सगळे पूल फोडावे, म्हणजे त्यातले नमुने सुटे तपासावे, लागले असते. वस्तीचा, वॉर्डाचा, निदान झोनचा मागच्या आठवड्याचा आकडा पाहा.

आणि काही नमुने असे असतात की प्रमाण कितीही कमी असलं तरी ते पूलमध्ये टाकायचे नाहीत: बाधित माणसाच्या थेट संपर्कात आलेले, अशा रुग्णांची देखभाल करणारे आरोग्य कर्मचारी, आणि माझ्या मते ताप-खोकला घेऊन ओपीडीत आलेला प्रत्येक जण. या लोकांमध्ये पॉझिटिव्ह निघण्याची शक्यता जास्त असते, त्यांचा रिपोर्टही तातडीने लागतो. त्यांना पूलमध्ये घातलं की त्यांचा रिपोर्ट दुसऱ्या फेरीपर्यंत अडकतो आणि सोबतच्या चार निरोगी माणसांचाही. नमुना स्वीकारताना फॉर्मवरचा संपर्क आणि लक्षणांचा रकाना वाचा. तो रिकामा असेल तर फोन करून विचारा. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘लक्षणं नाहीत’ असा धरू नका.

पूल किती मोठा असावा

१ टक्का प्रमाणाला केवळ गणिताने पाहिलं तर ११ चा पूल सगळ्यात फायदेशीर ठरतो. तरी आपण पाचवर का थांबतो? कारण प्रत्येक नमुना बाकीच्यांमध्ये मिसळला की विषाणू विरळ होतो. पाच नमुन्यांत मिसळल्यावर सीटी (पीसीआरच्या कितव्या सायकलला विषाणू दिसू लागतो तो आकडा; विषाणू कमी तर सीटी जास्त) सुमारे २.३ सायकलने पुढे सरकतो, दहांत मिसळल्यावर ३.३ ने. ज्याचा स्वतंत्र सीटी २२ आहे त्याला काही फरक पडत नाही. ज्याचा ३४ आहे तो पाचच्या पूलमध्ये ३६ च्या पुढे जातो, आणि ३५ चा कटऑफ लावणाऱ्या लॅबमध्ये निगेटिव्ह म्हणून सुटतो. बदल्यात मिळतं काय? वरच्याच वसतिगृहात पाचऐवजी दहाचे पूल लावले तर ५० च्या जागी साधारण ४० चाचण्या लागतात. त्या दहा किटसाठी एक बाधित मुलगा सुटण्याची जोखीम मला पटत नाही.

कुठलाही नवा किट, नवं व्हीटीएम (स्वॅब ज्यात ठेवून आणतात ते द्रव) किंवा नवा नमुना-प्रकार आला की पूल सुरू करण्याआधी स्वतःच्या बेंचवर खात्री करून घ्या. ठाऊक असलेले काही पॉझिटिव्ह नमुने घ्या, कमी सीटीचे, मधले आणि ३२-३३ च्या आसपासचे. प्रत्येक नमुना चार निगेटिव्हमध्ये मिसळून पाहा. शेवटच्या गटातले किती सापडतात हे आपल्या लॅबचं खरं माप आहे. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नागपुरात विकसित केलेल्या गुळण्यांच्या पद्धतीसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून तेच पाणी ट्यूबमध्ये घ्यायचं, बफर घालून तापवायचं आणि वेगळं आरएनए एक्स्ट्रॅक्शन (नमुन्यातून आरएनए वेगळं काढणं) न करता आरटी-पीसीआर लावायचं, अशी ती पद्धत. शाळा-वसतिगृहांत ती सोयीची आहे, कारण नाकात काडी घालावी लागत नाही. पण त्यात नमुना गाळून-धुऊन एकवटला जात नाही, त्यामुळे स्वॅबचा अनुभव तसाच्या तसा तिथे लावता येत नाही.

कुणाला कुणासोबत ठेवायचं

या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. नमुने जसे येतील तसे पाच-पाच उचलले जातात. थोडा विचार केला तर इथे फुकटात फायदा मिळतो.

विषाणू एकटा फिरत नाही. एका खोलीत एकाला झाला की शेजारच्या खाटेवरच्याला होण्याची शक्यता वाढते. समजा २०० मुलांमध्ये आठ बाधित आहेत आणि ते चार खोल्यांत दोन-दोन असे आहेत. नमुने सरमिसळ झाले असतील तर ते आठ जण सात-आठ पूलमध्ये विखुरतात आणि एकूण ७५ ते ८० चाचण्या लागतात. खोलीनिहाय पूल केले तर चारच पूल पॉझिटिव्ह येतात आणि काम ६० चाचण्यांत आटोपतं. त्यातही एका पूलमध्ये दोन बाधित असले की विषाणूचं प्रमाण वाढतं आणि तो पूल सुटण्याची भीती कमी होते. चाचण्या कमी आणि पकड जास्त, असं दोन्ही एकाच वेळी क्वचितच मिळतं.

म्हणून नमुने घेणाऱ्या टीमला आधीच सांगा: खोलीच्या, घराच्या, कारखान्यात असेल तर शिफ्टच्या आणि लाइनच्या क्रमाने नमुने घ्या आणि त्याच क्रमाने रॅकमध्ये लावा. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत कामगारांची तपासणी असेल तर एकाच गाडीने येणारे लोक एकत्र ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने मात्र एका पूलमध्ये कधीच घेऊ नका. शेवटी तीन उरले तर तिघांचाच पूल करा. पाचाचा आकडा पुरा करायला दुसऱ्या वसतिगृहाचे दोन आणून घालू नका. (कुणी आधीच पॉझिटिव्ह निघालेलं असेल तर त्याच्या खोलीतल्यांची गोष्ट वेगळी. ते संपर्कातले, त्यांची चाचणी स्वतंत्रच.)

नमुना घेणं आणि लॅबपर्यंत आणणं

एकेकट्या चाचणीत स्वॅब नीट घेतला गेला नाही तर इंटर्नल कंट्रोल ओरडून सांगतो. माणसाचा जीन उमटला नाही की आपण नमुना पुन्हा मागवतो. पूलमध्ये हे संरक्षण जातं. पाचांपैकी चार स्वॅब चांगले असले की माणसाचा जीन व्यवस्थित उमटतो आणि पाचवी काडी नाकाला नुसती शिवून आली होती हे मशीनला कळत नाही. तो पाचवा माणूस ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातो. म्हणून पूलिंग करायचं ठरलं असेल तर स्वॅब घेणाऱ्यांचं प्रशिक्षण आधीपेक्षा कडक हवं. मी म्हणेन, रोजचे काही निगेटिव्ह नमुने सुटे घेऊन त्यांचा इंटर्नल कंट्रोल तपासा. कोणत्या टीमचे स्वॅब कोरडे येतात ते आठवड्याभरात दिसतं.

वाहतुकीत नागपूरचा उन्हाळा विसरू नका. नवतपात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि गाडीच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. नमुने २ ते ८ अंशांत राहिले पाहिजेत. आसपासच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या पेटीत निघताना गोठवलेले जेल पॅक असतात, पण दुपारी पोहोचेपर्यंत ते पाणी झालेले असतात. पेटी उघडल्या उघडल्या आतलं तापमान नोंदवा. दुसरी गोष्ट लेबलची. जेल पॅकवर दव धरतं, ते ट्यूबवर उतरतं आणि बॉलपेनने लिहिलेला नंबर पुसट होतो. पूलमध्ये एका नंबरचा घोळ म्हणजे पाच माणसांचा घोळ. पर्मनंट मार्कर वापरा, वर पारदर्शक टेप लावा आणि ट्यूब झिप पाऊचमध्ये घाला.

बेंचवर

पूल करण्याचं काम क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, पूर्ण पीपीई घालून करायचं. मास्टर मिक्स (पीसीआरच्या रसायनांचं मिश्रण) बनवण्याची खोली वेगळी, आणि तिथला कोट-पिपेट इकडे येत नाही, इकडचा तिकडे जात नाही.

काम दोघांनी करा. एक जण पिपेट धरेल, दुसरा शीट धरेल. डाव्या हाताला पाच नमुन्यांचा रॅक, उजवीकडे रिकामा रॅक, मधे पूलची ट्यूब, तिच्यावर नंबर आधीच घातलेला. शीटवाला नंबर मोठ्याने वाचतो, पिपेटवाला ट्यूबवरचा नंबर वाचून उत्तर देतो, मगच झाकण उघडतं. ट्यूब आधी व्होर्टेक्सवर हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घेतलेली असावी, नाहीतर झाकणाच्या आतल्या थेंबाने हातमोजा ओला होतो आणि तोच हातमोजा पुढच्या ट्यूबला लागतो. एका वेळी एकच झाकण उघडं. नमुना घेतला, टिप टाकली, झाकण लावलं, ट्यूब उजवीकडच्या रॅकमध्ये गेली, शीटवर खूण झाली. कुणी मधेच बोलवलं तर कोणती ट्यूब झाली आणि कोणती राहिली हे रॅक पाहून कळलं पाहिजे, आठवणीवर राहता कामा नये.

तुमच्या एक्स्ट्रॅक्शनला २०० मायक्रोलीटर लागत असतील तर पाचांचे ४०-४० घेऊन भागतं. तरी मी प्रत्येकी १०० घ्यायला सांगेन. सगळ्यांचं माप सारखं ठेवणं सोपं जातं आणि ५०० मधले उरलेले ३०० एक्स्ट्रॅक्शन बिघडलं तर पुन्हा वापरता येतात. फिल्टर टिप, दर नमुन्याला नवी. मूळ ट्यूब लगेच ४ अंशांच्या फ्रिजमध्ये पूलच्या क्रमाने ठेवा. पूलचा निकाल येईपर्यंत त्यांना डीप फ्रीझरमध्ये टाकू नका, गोठवून वितळवल्याने आरएनए तुटतं. निकाल ७२ तासांत लागणारच नसेल तर मात्र उणे ७० शिवाय पर्याय नाही.

टाकाऊ टिपा एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये, उरलेलं ठरलेल्या रंगाच्या पिशवीत. यावर जास्त लिहीत नाही, लॅबमध्ये फलक लावलेला असतो.

कर्व्ह वाचताना

आधी कंट्रोल पाहा. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये (ज्यात विषाणू नाही हे ठाऊक असतं) काही उमटलं असेल तर तो अख्खा रन बाद, त्यावर चर्चा नको. एक जादा सवय लावून घ्या: रोज एक पूल नुसत्या कोऱ्या व्हीटीएमचा करा, बाकी नमुन्यांसारखाच हाताळून. बेंचवर काही सांडलं-उडालं असेल तर तो सांगतो.

पूलमध्ये कटऑफ सुट्या नमुन्यासारखा वापरू नका. विरळ झाल्यामुळे दोन-अडीच सायकल आपणच गमावलेल्या आहेत, हे लक्षात ठेवून ३६, ३७, ३८ वर जरी नीट एस आकाराचा कर्व्ह दिसला तरी तो पूल फोडा. आकडा न पाहता कर्व्ह डोळ्यांनी पाहा. ही शंका फेडायला जास्तीत जास्त पाच चाचण्या लागतात.

पूल फोडताना

पॉझिटिव्ह किंवा संशयित पूलचे पाचही मूळ नमुने नव्याने एक्स्ट्रॅक्ट करून स्वतंत्र लावा. चार निगेटिव्ह आले म्हणून पाचवा पॉझिटिव्हच असणार असं गृहीत धरू नका. पाचवाही तपासा.

कधी पाचही निगेटिव्ह येतात आणि नवीन माणूस गोंधळतो. तेव्हा आधी प्लेटचा नकाशा पाहा: शेजारच्या वेलमध्ये फार कमी सीटीचा नमुना होता का, शीटवर अदलाबदल झाली का, त्या दिवशीचा कोरा पूल स्वच्छ होता का. मग पूलच्या उरलेल्या मिश्रणातून पुन्हा एक्स्ट्रॅक्शन करा. ते पुन्हा पॉझिटिव्ह आलं तर पाचही जणांचे नवे स्वॅब मागवा. ते निगेटिव्ह आलं आणि पाचही सुटे नमुने स्वच्छ असले तर वरिष्ठांच्या सहीने निगेटिव्ह द्या आणि घटना वहीत लिहा.

रिपोर्ट

‘पूल पॉझिटिव्ह’ हे शब्द लॅबच्या बाहेर जाता कामा नयेत. वॉर्डनला फोनवर ‘तुमच्या एका पूलमध्ये आलंय’ एवढं सांगितलं तरी संध्याकाळपर्यंत पाच मुलांकडे संशयाने पाहिलं जातं, आणि त्यातले चार कदाचित निरोगी असतात. बाहेर जातो तो फक्त वैयक्तिक निकाल. पूल निगेटिव्ह असेल तर पाचांनाही निगेटिव्ह रिपोर्ट द्या, पण नमुना पूलमध्ये तपासला होता हे त्यावर नमूद करा, म्हणजे पुढे लक्षणं दिसली तर डॉक्टर स्वतंत्र चाचणी सांगतील.

दर आठवड्याला एक साधी नजर टाका: शंभर पूलमागे किती फोडावे लागले? पाचच्या पूलमध्ये ५ टक्के प्रमाण असलं की सुमारे २२ ते २३ पूल पॉझिटिव्ह येतात. म्हणजे दर चार-पाच पूलमागे एक फुटू लागला की त्या भागासाठी पूलिंग बंद करायची वेळ झाली. दर दहा पूलमागे एक फुटत असेल तर प्रमाण साधारण २ टक्के, म्हणजे फक्त सर्वेक्षण. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, रजिस्टरमध्ये एक रकाना पुरतो.

नावं नको, टक्का हवा असेल तेव्हा

कधी मनपाला किंवा आरोग्य विभागाला फक्त प्रमाण हवं असतं, कोण बाधित हे नको असतं. ओळख काढून टाकलेल्या नमुन्यांच्या अशा सर्वेक्षणात पूल फोडावेच लागत नाहीत. ४० पूलपैकी ६ पॉझिटिव्ह आले तर ३४ निगेटिव्ह, म्हणजे ०.८५. याचं पाचवं मूळ सुमारे ०.९६८. एकातून वजा केलं की बाधितांचं प्रमाण ३.२ टक्क्यांच्या आसपास येतं. सांडपाण्याची तपासणीही याच जातीची. तिथे नमुना निसर्गतःच एकत्र झालेला असतो.

कीटकशास्त्राच्या टीमसोबत काम पडलं तर डासांचे पूल करावे लागतील. नागपूरला दर पावसाळ्यात डेंग्यू असतो. शिवाय चांदीपुरा विषाणूला नावच नागपूरच्या चांदीपुऱ्यावरून मिळालं. १९६५ साली तो इथल्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला गेला, आणि त्याचा प्रसार सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी, करते. इथे पूल मोठे चालतात, साधारण ५० कीटकांपर्यंत, पण एका पूलमध्ये एकच जात, एकच लिंग, एकच ठिकाण आणि एकच तारीख. निकाल दर हजार कीटकांमागे मांडतात: ६०० माद्यांचे ३०-३० चे वीस पूल, त्यातले तीन पॉझिटिव्ह, तर किमान संसर्ग दर हजारी ५. वर्गवारी बर्फावर ठेवलेल्या प्लेटमध्ये करा. पोट रक्ताने भरलेल्या माद्या आधीच बाजूला काढा, कारण त्यांच्यात सापडलेला विषाणू नुकत्याच प्यायलेल्या रक्तातला असू शकतो. त्यांचा पूल वेगळा करा आणि रजिस्टरमध्ये तसं लिहा.